खुर्ची कुठे ठेवायची? बदलत्या कार्यालयांविषयी, सोलापुरातून

चाटी गल्लीतल्या एखाद्या जुन्या कापडपेढीत मालकाची बैठक कुठे असते, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. दाराच्या अगदी समोर नव्हे, थोडी एका अंगाला, पांढरी गादी आणि लोड, हाताशी गल्ला, मुनीम इतका जवळ, की मान वळवली तर त्याच्या वहीतला आकडा वाचता यावा, आणि दारापासून मागच्या कोठारापर्यंतची वाट अशी सरळ, की पायरी चढणारे गिऱ्हाईक आणि तागा घेऊन येणारा पोऱ्या दोघेही एकाच नजरेत यावेत. या बैठकीत ऐसपैसपणा आहे, परंतु तिची जागा आरामाचा विचार करून ठरलेली नाही. रोकड, वही, माल आणि माणूस या साऱ्यांवर न उठता लक्ष ठेवता यावे, या गरजेतून ती ठरत गेली आहे.

कार्यालये बदलत आहेत असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा काचेच्या भिंती, रंगीत खुर्च्या आणि कॉफीची यंत्रे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात या सगळ्या बदलांच्या मुळाशी एक साधा प्रश्न असतो: काम झाले, हे काम देणाऱ्याला कळणार कसे? या प्रश्नाचे उत्तर बदलले की टेबले हलतात, भिंती पडतात किंवा उभ्या राहतात, कामाच्या वेळा बदलतात आणि माणसे एकमेकांशी कशी बोलतात, हेसुद्धा बदलते. म्हणून कामाच्या ठिकाणची संस्कृती आणि तिथली बैठकव्यवस्था यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही. हा विषय सहसा बंगळूर किंवा पुण्याच्या चकचकीत इमारती दाखवून समजावला जातो. मला तो सोलापूरच्या आधाराने अधिक नीट समजतो, कारण पेढी, गिरणी, सरकारी कचेरी, घरातला माग, घरातली बिडी आणि आता घरातला लॅपटॉप असे कामाचे सगळे प्रकार या एका शहराने पाहिले आहेत.

१८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी मिल, उभी राहिली तेव्हा पेढीची पद्धत तिथे चालण्यासारखी नव्हती. हजारो माणसांवर एका मालकाची नजर पुरत नाही. नजरेची जागा मग घड्याळाने घेतली आणि घड्याळाचा आवाज म्हणजे भोंगा. विणकराला मजुरी कापडाच्या मापावर मिळत असली, तरी गिरणीचे फाटक चालत होते ते वेळेवरच. उशीर झाला की फाटक बंद. खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, फिरत असे, यंत्रांच्या रांगा एका दिशेने असत आणि कुठला माग बंद पडला हे दुरून दिसे. भोंग्याने केवळ गिरणीचा दिवस आखला नाही. गिरणगावातली चूल केव्हा पेटायची आणि नळावर पाण्याला केव्हा जायचे, हेही त्याने ठरवले.

हीच पद्धत पुढे कारखान्यातून लेखनिकांच्या दिवाणखान्यात शिरली. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी १९११ मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे मांडली. प्रत्येक कामाचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याला किती वेळ लागतो हे मोजावे आणि विचार करणाऱ्यांना काम करणाऱ्यांपासून वेगळे ठेवावे, असा त्या तत्त्वांचा आशय होता. त्याआधीच १९०६ मध्ये बफेलो शहरात फ्रँक लॉइड राइट यांनी रचलेली लार्किन कंपनीची इमारत पूर्ण झाली होती. टपालाने साबण विकणाऱ्या या कंपनीचे कारकून मधल्या उंच, उजेडाच्या चौकात रांगेने बसत आणि वरच्या सज्जांतून ते सगळे दिसत. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे असा सरकावा, जसे सूत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते, ही त्यामागची कल्पना. हजर असलेले तास म्हणजे केलेले काम, हे समीकरण इथे पक्के झाले. ते अजून सुटलेले नाही. मस्टरवरची सही आणि बायोमेट्रिक यंत्रावरचा अंगठा हे दोन्ही त्या फाटकाचेच वंशज आहेत.

सरकारी कचेरीत मात्र वेळेपेक्षाही मोठी सत्ता फाइलची असते. तहसील कार्यालयातली टेबले कशी मांडलेली असतात ते आठवून पाहावे. अर्ज आवक-जावक टेबलावर येतो, त्याला क्रमांक पडतो, तो संबंधित संकलनाच्या लिपिकाकडे जातो, लिपिक टिपणी लिहितो, अव्वल कारकून ती तपासतो, मग नायब तहसीलदार आणि शेवटी तहसीलदार. या क्रमानेच खोल्या आणि टेबले लागलेली असतात, म्हणजे ज्या वाटेने कागद चालतो त्या वाटेवर माणसे बसवलेली असतात. काम झाले की नाही हे कागदावरच्या सहीवरून कळते, त्यामुळे माणूस जागेवर आहे की नाही यापेक्षा फाइल कुणाच्या टेबलावर आहे, हा प्रश्न इथे अधिक महत्त्वाचा ठरतो. कचेरीत खेटे घालणाऱ्या कुठल्याही माणसाला हे न शिकवता समजलेले असते.

ही व्यवस्था बदलण्याचा आपल्याकडचा सर्वांत गाजलेला प्रयोग सोलापूरच्या शेजारी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात झाला. १९८० च्या दशकात तिथले जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कचेरीतल्या कागदांची आणि बसण्याची घडी नव्याने बसवली आणि ‘लखीना पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्राच्या प्रशासनात कायमचे रूढ झाले. त्याच परंपरेत कर्मचाऱ्यांना आजही सहा गठ्ठे पद्धत शिकवली जाते: चालू कामाचे कागद एका गठ्ठ्यात, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारे दुसऱ्यात, नियतकालिक विवरणे तिसऱ्यात, स्थायी आदेश चौथ्यात, अभिलेख कक्षात पाठवायचे पाचव्यात आणि नष्ट करायचे सहाव्यात. वरवर पाहता ही कपाट आवरण्याची युक्ती वाटेल. तिचा खरा परिणाम असा होतो की, टेबलावर काय प्रलंबित आहे हे त्या टेबलाच्या मालकाखेरीज इतरांनाही दिसू लागते, आणि जे दिसते ते दडवून ठेवणे अवघड जाते. लिपिक रजेवर असला म्हणून काम अडू नये, ही सोय त्यातूनच निघते. जागेच्या मांडणीतून संस्कृती बदलता येते याचे इतके स्वच्छ उदाहरण परदेशी पुस्तकांतही सहज सापडणार नाही.

आता ई-ऑफिस आल्यामुळे फाइल पडद्यावर फिरते. ती कुणाकडे किती दिवस आहे हे वरिष्ठाला आपल्या खुर्चीतून दिसते आणि एका टेबलाशेजारी दुसरे टेबल असण्याचे मूळ कारणच नाहीसे होते. तरीही खुर्च्या होत्या त्याच क्रमाने मांडलेल्या आढळतात, कारण त्या मांडणीत कामाच्या सोयीबरोबर मानाचाही भाग असतो. साहेबांची खुर्ची उंच पाठीची, तिच्यावर टॉवेल, समोर काच बसवलेले मोठे टेबल, आणि केबिनबाहेर शिपायाचे बाक. (तो टॉवेल बहुतेक वेळा सोलापूरचाच असतो, हा आपला वाटा.) तंत्र पाच वर्षांत बदलते, मानाची मांडणी बदलायला एक पिढी लागते. वेळेच्या बाबतीत मात्र राज्य शासनाने मोठा बदल एका आदेशाने केला. २९ फेब्रुवारी २०२० पासून शासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि कामाची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा झाली. कर्मचाऱ्याला त्यातून दोन दिवसांची सलग सुटी मिळाली. करमाळ्याहून किंवा सांगोल्याहून सोलापूरला येणाऱ्या माणसाचा शनिवार गेला. कामाच्या वेळेतला बदल एकट्या कर्मचाऱ्यापुरता कधीच राहत नाही.

खासगी कार्यालयांची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत श्नेले बंधूंच्या क्विकबॉर्न गटाने रांगा मोडून काढल्या. माणसे ज्यांच्याशी सतत बोलतात त्यांच्याजवळ बसावीत, मग टेबले वेडीवाकडी लागली तरी चालतील, मधे झाडांच्या कुंड्या असाव्यात, असा त्यांचा विचार होता. अमेरिकेत हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६४ मध्ये आणि पुढे सुधारून १९६८ मध्ये हलवता येणाऱ्या पडद्यांची रचना आणली. कर्मचाऱ्याने आपल्या कामाप्रमाणे जागा हवी तशी उघडावी, हवी तशी मिटावी, हा प्रॉप्स्ट यांचा हेतू होता. कंपन्यांनी त्यातला स्वस्तपणा तेवढा उचलला. पडदे काटकोनात उभे केले, जागा जितकी लहान करता येईल तितकी केली आणि छाती-उंचीच्या खोक्यांची ती रांग जगभर पसरली. पुढे ते पडदेही काढले गेले आणि लांबलचक सामाईक टेबले आली. माणसे एकमेकांना दिसली की बोलतील आणि बोलली की नव्या कल्पना सुचतील, असे त्यासाठी सांगण्यात आले. प्रत्येक माणसामागे कमी चौरस फूट लागतात आणि भाडे वाचते, हे कारण मात्र तितक्या मोठ्याने सांगितले गेले नाही.

मोकळ्या जागेत माणसे अधिक बोलतात, हा दावा तपासण्याचे काम हार्वर्डमधील इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी केले. मोकळ्या रचनेत स्थलांतर करणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांच्या गळ्यात त्यांनी संवेदक अडकवले आणि कोण कुणाशी समोरासमोर किती वेळ बोलते याची स्थलांतरापूर्वीची आणि नंतरची नोंद घेतली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भिंती गेल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ई-मेल व संदेश वाढले. चमत्कारिक वाटणाऱ्या या गोष्टीचे कारण अवघड नाही. सतत सगळ्यांच्या नजरेत असलेला माणूस आपली भिंत स्वतः तयार करतो. तो कानाला हेडफोन लावतो, पडद्यावरून मान वर करत नाही आणि शेजाऱ्याला विचारायचा प्रश्नही टाइप करून पाठवतो, कारण मोठ्याने विचारला तर बारा जण ऐकतात. पेढीवरच्या गादीचा हेतू लक्ष ठेवणे हा होता आणि तो कुणी लपवला नव्हता. मोकळ्या कार्यालयात लक्ष ठेवणे तसेच राहिले, फक्त त्याला मोकळेपणा असे नाव मिळाले.

सोलापुरात बहुसंख्य कार्यालये मोकळी आहेत ती कुठल्याही सिद्धान्तामुळे नव्हे, जागेच्या टंचाईमुळे. नवी पेठेतल्या एखाद्या कर सल्लागाराच्या गाळ्यात दहा फूट रुंदीत सहा-सात मुले बसतात, फाइली छतापर्यंत जातात, मधे काचेच्या आडोशाने साहेबांची खोली केलेली असते आणि विवरणपत्रांची मुदत जवळ आली की पक्षकारांचे फोन थांबत नाहीत. अशा ठिकाणी सगळ्यात मोठी अडचण आवाजाची होते. आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो समजतो आहे की नाही, यावर लक्ष विचलित होणे अवलंबून असते. पंख्याची घरघर किंवा रस्त्यावरची वर्दळ थोड्या वेळाने कानाआड होते. परंतु शेजारच्या टेबलावरचे स्पष्ट ऐकू येणारे एकतर्फी फोनसंभाषण होत नाही, कारण मेंदू नकळत त्या वाक्यांचा अर्थ लावत राहतो आणि ऐकू न येणारी बाजू भरून काढत राहतो. ध्वनितज्ज्ञ म्हणूनच आवाज पूर्ण बंद करण्याऐवजी बोलणे अस्पष्ट करण्यावर भर देतात. मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच खोलीत बोलल्या जाणाऱ्या आपल्या शहरात याची परीक्षा आपोआप होते: ज्याला तेलुगू येत नाही त्याचा हिशेब शेजाऱ्याच्या तेलुगू फोनने सहसा चुकत नाही, आणि तोच शेजारी मराठीत उधारीबद्दल बोलू लागला की बेरीज पुन्हा करावी लागते. जाड पडदे, भिंतीला लागून फाइलींची कपाटे आणि फोनवर बोलण्यासाठी एक ठरलेला कोपरा, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. दर्शनी भागाला चकचकीत फरशी आणि काच लावण्यावर जो खर्च होतो त्याने आवाज घुमण्यात भरच पडते.

काचेचा विषय निघालाच आहे तर उन्हाचेही बोलले पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या गावात पश्चिमेकडे काचेची भिंत उभी करणे हा विचार ज्या थंड देशांतून आला तिथे तो योग्य असेल, कारण तिथे ऊन आत घ्यायचे असते. आपल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती, लहान खिडक्या आणि मधला चौक हे दिवसा उष्णता बाहेर थोपवत आणि रात्री ती सोडून देत. काचेच्या दर्शनी भागामागे बसलेल्या कार्यालयाला दुपारी पडदे ओढावे लागतात, पडदे ओढले म्हणून दिवे लावावे लागतात आणि दिवे व काच या दोन्हींची उष्णता घालवण्यासाठी वातानुकूलन वाढवावे लागते. भारतात १ जानेवारी २०२० पासून तारांकित (वीजबचतीचे तारे मिळालेले) एसी सुरू होतानाच २४ अंशांवर सुरू होतील अशी व्यवस्था सक्तीची झाली. तरीही अनेक कार्यालयांत तो लगेच अठरावर नेला जातो. इथेही मानाचा प्रश्न आडवा येतो, कारण कडक थंडी हे मोठ्या कार्यालयाचे लक्षण समजले जाते. कार्यालयीन तापमानाची रूढ गणिते डॅनिश संशोधक ओले फँगर यांच्या १९७० च्या सुमाराच्या कामावर उभी आहेत. त्या गणितांत शरीराच्या ऊर्जावापराचा आकडा मध्यमवयीन पुरुषाचा धरलेला असल्यामुळे स्त्रियांना गरजेपेक्षा अधिक थंडी सोसावी लागते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासाने दाखवले. मे महिन्यात खांद्यावर शाल घेऊन बसलेली लेखापाल ही काही तिच्या नाजूकपणाची खूण नव्हे. छताचा पंखा चालू असेल तर दोन-तीन अंश अधिक तापमानही सुखाचे वाटते, ही साधी गोष्ट विजेच्या बिलात लगेच दिसते.

मार्च २०२० नंतर या साऱ्या चर्चेला वेगळेच वळण लागले. पुण्यात हिंजवडीत किंवा खराडीत काम करणारी मुले जुळे सोलापुरात, होटगी रस्त्यावर, विजापूर रस्त्यावर आपापल्या घरी परतली आणि हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर, देवघराच्या शेजारी, गच्चीवरच्या खोलीत लॅपटॉप उघडले गेले. कंपन्यांना पहिली भीती वाटली ती तीच जुनी: दिसत नाही तो माणूस काम करतो आहे हे कळणार कसे? काहींनी माउस हलतो की नाही हे मोजणारी सॉफ्टवेअर बसवली, म्हणजे भोंगा घरात आणला. काहींनी मात्र दिवसाअखेर काय तयार झाले एवढेच पाहायला सुरुवात केली, आणि खरा बदल हा दुसरा होता.

या बाबतीत सर्वांत भरवशाचा पुरावा स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांच्या दोन प्रयोगांतून मिळतो. दोन्ही एकाच चिनी प्रवासकंपनीत झाले. पहिल्यात कॉल सेंटरचे कर्मचारी आठवड्यातले चार दिवस घरून काम करत होते. त्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले, मुख्यतः सुट्ट्या आणि विश्रांतीचा वेळ घटल्यामुळे. परंतु कामगिरी सारखी असूनही बढतीत ते मागे पडले, आणि प्रयोगानंतर निवड करायला सांगितल्यावर अनेकांनी एकटेपणाला कंटाळून कार्यालय पत्करले. दुसऱ्या प्रयोगात १,६१२ कर्मचारी होते आणि काहींना आठवड्यातले दोनच दिवस घरून काम करण्याची मुभा होती. २०२४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या कामगिरीत आणि बढतीत फरक पडला नाही, मात्र नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. स्त्रियांमध्ये आणि ज्यांचा प्रवास लांबचा आहे अशांमध्ये हा परिणाम ठळक होता. पूर्ण घर किंवा पूर्ण कार्यालय अशा भांडणात मधला मार्ग का टिकून आहे, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

मधल्या मार्गाचा जागेवर होणारा परिणाम उघड आहे. रोज निम्मीच माणसे येणार असतील तर प्रत्येकाला स्वतःचे टेबल कशाला, असा हिशेब कंपन्या करतात. मग सकाळी येऊन मोकळे टेबल आरक्षित करायचे, सामान कप्प्यात ठेवायचे आणि संध्याकाळी टेबल रिकामे करून जायचे. टेबलावरचा मुलांचा फोटो, गणपती, शेंगाचटणीची बरणी या सगळ्यांना त्यात जागा नसते. हिशेबाच्या बाजूने हे बरोबर असले तरी त्याची एक किंमत आहे. अमेरिकेतल्या एमआयटीचे थॉमस अ‍ॅलन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले होते की, दोन माणसांच्या टेबलांतले अंतर वाढते तसे त्यांचे बोलणे झपाट्याने घटते आणि पन्नास मीटरच्या पलीकडे ते जवळजवळ नगण्य होते. रोज वेगळ्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला कायमचा शेजारी नसतो. म्हणून ज्या कंपन्या हे नीट करतात त्या एका गटाचे कार्यालयात येण्याचे दिवस एकच ठेवतात आणि त्या दिवशी तो गट एकत्र बसेल अशी जागा राखतात. एरवी हुतात्मा एक्स्प्रेसने पहाटे निघून पुण्याला पोचलेला माणूस रिकाम्या मजल्यावर बसून सोलापुरातल्याच सहकाऱ्याशी व्हिडिओ कॉल करतो, असा प्रकार होतो.

इथे सोलापूरच्या अनुभवाला खरे मोल आहे. घरून काम हा प्रकार या शहराला कोरोनाने शिकवलेला नाही. शहराच्या पूर्व भागातल्या हजारो बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी बिड्या वळत आल्या आहेत. कारखान्यातून पाने, तंबाखू आणि सूत घेऊन यायचे, पाने भिजवायची, कात्रीने कापायची, वळायच्या, जुड्या बांधायच्या आणि ठरल्या वेळी जमा करायच्या. मजुरी हजार बिड्यांच्या दराने. काम झाले हे कसे कळते, या प्रश्नाचे उत्तर इथे अगदी स्वच्छ आहे: जुडी मोजली की कळते, कुणी किती तास बसले हे विचारण्याचे कारण नाही. आजच्या व्यवस्थापनाच्या भाषेत हे फलितावर आधारलेले काम होय. परंतु त्याचबरोबर खराब म्हणून काढलेल्या बिड्यांची छाट मजुरीतून जाते, घरातली जागा, दिवा आणि पंखा बाईचा असतो, तंबाखूची धूळ तिच्या स्वयंपाकघरात उडते आणि शाळेतून आलेली मुलगी नकळत हाताला हात लावते. नजर गेली, तसा खर्चही मालकाच्या दारातून निघून घरात शिरला. म्हणूनच १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार म्हणून मान्यता दिली. केवळ कारखान्याच्या छताखाली बसत नाही म्हणून त्यांना हक्कांपासून वगळता येणार नाही, असे त्यामागचे तत्त्व होते.

लॅपटॉपवाल्याची स्थिती अर्थातच बिडी वळणारीसारखी नाही. त्याचा पगार, त्याचा विमा आणि त्याची सौदाशक्ती निराळी आहे. तरी प्रश्न त्याच जातीचे आहेत. ब्रॉडबँडचे आणि विजेचे बिल कुणाचे? जेवणाच्या खुर्चीवर बसून पाठ धरली तर जबाबदारी कुणाची? वीज गेल्यावर बुडालेले काम कुणाच्या खात्यावर? चांगल्या कंपन्या नियुक्तिपत्रातच याची उत्तरे देतात. ज्या देत नाहीत तिथे विचारून घेणे, हे संकोच वाटण्यासारखे मुळीच नाही.

फलितावर काम मोजले जाऊ लागले की दिवसाची कडही पुसट होते. पेढी बंद झाली की फळ्या लागत, गिरणीची पाळी भोंग्याने सुटे. व्हॉट्सॲपच्या गटाला तसा शेवट नाही. रात्री साडेदहाला आलेल्या संदेशावर साहेबांनी उत्तर मागितलेले नसते, पण तो वाचल्याच्या निळ्या खुणा उमटलेल्या असतात आणि एकाने ‘ओके सर’ लिहिले की उरलेल्या साऱ्यांना लिहावे लागते. फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काबाबत कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करणे बंधनकारक आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये अशा हक्कासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. ते संमत झाले नाही. कायद्याची वाट न पाहता एखाद्या लहान कार्यालयाने सायंकाळी सातनंतरचे संदेश दुसऱ्या दिवशी सकाळी वाचले जातील एवढे ठरवले, तरी ते पाळता येते, अट एवढीच की पहिला संदेश साहेबांनी पाठवता कामा नये.

कार्यालयाची रचना कुणाला डोळ्यांसमोर ठेवून झाली, हे पाहण्याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे स्वच्छतागृह. नवी पेठेतल्या किंवा टिळक चौकातल्या कितीतरी जुन्या व्यापारी इमारतींत स्त्रियांसाठी वेगळी सोय नाही, असली तर तिची किल्ली कुणाकडे तरी मागावी लागते, आणि मग दिवसभर पाणी कमी प्यायचे हा उपाय बायका निमूटपणे करतात. मालकाने नव्या खुर्च्यांचे दरपत्रक मागवण्यापूर्वी याचा विचार करावा. दहा किंवा त्याहून अधिक माणसे काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. सहा-सात जणांच्या गाळ्याला ही अट लागू होत नाही, तिथे तक्रार जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे करता येते, आणि ही माहिती भिंतीवर लावलेली मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

पाळणाघराची अडचणही आकड्याचीच आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणे, तसेच आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ देणे आवश्यक झाले. सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या, टॉवेलच्या कडा दुमडणाऱ्या आणि पॅकिंग करणाऱ्या बहुतेक जागा पन्नासच्या खाली आहेत, त्यामुळे जिथे स्त्रियांची संख्या सर्वाधिक तिथेच ही तरतूद पोचत नाही. तरीही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अनेक आस्थापनांनी खर्च वाटून घेऊन एक सामाईक पाळणाघर चालवण्याची मुभा स्पष्टपणे दिलेली आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत चार-पाच लहान कारखाने एकाच गल्लीत असतात. त्यांनी मिळून एक खोली, एक बाई आणि मुलांच्या दुधा-जेवणाचा खर्च उचलायचे ठरवले, तर वास्तुविशारदाची गरज लागणार नाही. कारखानदारांच्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा लागेल.